जिनात काडी पेटवायची नाही

२२ ऑक्टोबर २०१८, यवतमाळ

ही वही दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून आणली. एकतीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. तेव्हा दुसऱ्यांच्या रजिस्टरात लिहिलं, आता स्वतःच्या वहीत लिहितो. वहीला कुलूप नाही, त्यामुळे बायको, म्हणजे इंदू, वाचेल अशी शक्यता आहे. भीती आहे असं लिहीत नाही. तो शब्द या वहीत जपून वापरायचा आहे आणि त्याला कारण आमची दीपा.

दीपा आमची एकुलती एक, वय तेवीस, बीसीए झालेली. तलाठ्यांची भरती निघणार असं सगळीकडे चाललंय आणि ही पोरगी सहा महिन्यांपासून लॅपटॉपवर खेळ बनवत बसली आहे. खेळायचा नव्हे, बनवायचा. आज विचारलं, कसला खेळ गं? तर म्हणाली, ‘‘भेवाचा हाये बाबा. सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात त्याले. अंधारात एकटं हिंडायचं, हाताशी सामान थोडं, अन् जीव वाचवायचा.’’

मी म्हणालो, ‘‘अन् लोक पैसे देऊन भेतात?’’

‘‘मंग जत्रेत आकाशपाळण्यात कायले बसता तुमी?’’

मी बसत नाही, हे तिला माहीत आहे.

हैदराबादची एक कंपनी आहे. ३१ जानेवारीपर्यंत खेळाचा नमुना पाठवायचा, त्यातून एकाला ते वर्षभर कामावर घेणार. मी म्हणालो, कापसाचं काही खरं राहिलं नाही, गेल्या साली बोंडअळी, यंदा पाऊस नाही, या जिल्ह्यात टिकणारी गोष्ट एकच, सरकारी नोकरी. ती ऐकेना. शेवटी सौदा ठरला. तिच्या खेळाला मी एकदा जरी घाबरलो, तर वर्षभर तलाठी हा शब्द काढायचा नाही. नाही घाबरलो, तर तिनं नमुना पाठवायचा नाही, लॅपटॉप बंद करायचा आणि क्लास लावायचा.

‘‘निकाल कोण देईन?’’ मी विचारलं.

‘‘तुमीच द्या. तुमी कधी खोटा ग्रेड देला का?’’

नाही दिला. पाटील समोर उभा राहिला तरी नाही, आमदाराचा फोन आला तरी नाही. बैलबंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, ओल पाहायची, धागा ओढायचा, सरकी दाताखाली फोडायची आणि ग्रेड सांगायचा. एकदा सांगितला की बदल नाही.

पोरगी हुशार आहे असं मला वाटत होतं. आमच्या घरात भूत मानत नाहीत. मी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात अवसेला स्मशानात बसून चिवडा खाल्ला होता, त्याचा फोटो पेपरात आला होता. ही मला भुतानं घाबरवणार! सौदा झाला त्याच क्षणी मी जिंकलो.

२८ ऑक्टोबर

पहिला खेळ सकाळी दहाला, बैठकीत, कानाला तो हेडफोन लावून.

गोष्ट अशी. एक जिन आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडलेलं. त्यात एक मुलगी हरवली आहे. आपण तिला शोधायला शिरायचं. आत कापसाच्या गंज्या आहेत, सरकी वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे रेचे आहेत, अंधार आहे. आणि पांढऱ्या साडीतली एक बाई आहे, ती केस सोडून अंगावर येते.

मी चार वेळा मेलो. चारही वेळा त्या बाईकडे नीट पाहता आलं. दीपाला सांगितलं, जिनात कोणी मोकळा पदर सोडत नाही, रेच्यात अडकला तर बाई हातासकट जाते. कासोटा घालतात किंवा पदर खोचतात. केसांना फडकं बांधतात, नाहीतर रुई बसून अर्ध्या तासात म्हातारी दिसेल. आणि हा कापूस? हा कापूस नाही, साबणाचा फेस आहे. रिजेक्ट.

इंदू भाजी निवडत पाहत होती. म्हणाली, ‘‘पोट पाह्य हिचं, किती खपाटीले गेलं! काही खाल्लं नाही वाटते बिचारीनं.’’

दीपानं तिच्या वहीत लिहिलं : भीती, नाही. तोंड एवढंसं झालं होतं. मला बरं वाटलं. दुपारी तितकं बरं वाटत नव्हतं, पण ऊनही जास्त होतं.

३० ऑक्टोबर

इंदूचा भाऊ अतुल आला. त्याचं गाव केळापूरकडे. तिकडे वाघाची दहशत आहे. शेतात जायचं तर दहा जण मिळून जातात, डबे वाजवत.

दीपानं विचारलं, ‘‘मामा, तुमी पायला का वाघ?’’

‘‘नाही ना बाप्पा. पायला असता तं एक बार भेव वाटलं असतं. पायला नाही म्हून चोवीस तास वाटते. तुरीचं पान हाललं तरी पाय थांबते.’’

दीपा चहा तसाच टाकून उठली आणि लॅपटॉपकडे गेली. इंदूनं तो चहा मला दिला.

११ नोव्हेंबर

दीपाला खरा कापूस दाखवायला कळंब रोडवरच्या जिनात घेऊन गेलो. यंदा ते सुरूच झालं नाही. माल नाही. एरवी दिवाळीनंतर इथे बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची, बैलांच्या शेणात पाय ठेवायला जागा नसायची. आज फाटकाशी चौकीदार नेमसिंग एकटा बसला होता. माझ्या ओळखीचा जुना माणूस.

‘‘या ग्रेडरसाहेब,’’ म्हणाला. ‘‘यंदा जिनात मी अन् कबुतरं. पगार फक्त मले हाये.’’

मागच्या सालची एक गंजी तशीच पडून होती, धूळ बसून भुरी झालेली. दीपानं पत्र्यांचा आवाज मोबाइलवर घेतला, कबुतरांचा घेतला, पट्टा हलवून त्याचा घेतला. मग मला म्हणाली, हात कसा घालता ते दाखवा.

दाखवला. कोपरापर्यंत. वरचा कापूस कोरडा असतो, बोटं आत गेली की गारवा लागतो. मी तिला सांगितलं, आत काय असेल याचा नेम नाही. वजनाला दगड निघतो, ओलं पोतं निघतं, आणि २००६ साली मारेगावच्या एका बंडीत जिवंत धामण निघाली होती.

‘‘मंग काय केलं तुमी?’’

‘‘ग्रेड देला.’’

नेमसिंग मध्येच म्हणाला, ‘‘साहेब धा फूट उडले होते बाई. धामण म्या काढली.’’

मी म्हणालो, ती वेगळी धामण. परत येताना दीपा म्हणाली, ‘‘बाबा, हात घालताना तुमी डोळे मिटता.’’ मी सांगितलं, एकाग्रतेसाठी.

२ डिसेंबर

दुसरा नमुना. बाई गेली. मी विचारलं, कुठे गेली? म्हणाली, काढून टाकली. आता काही दिसतच नाही. नुसते पत्रे वाजतात, कबुतरं फडफडतात आणि गंजीमागून कोणी चालल्यासारखं वाटतं. कापूस मात्र आता कापूस आहे. कवडी आहे, म्हणजे किडका, हलका माल, पण कापूस आहे.

खिशात माचिस दिली आहे, बारा काड्या. काडी पेटवली की थोडा वेळ दिसतं.

मी एकही पेटवली नाही.

दीपा मागे उभी होती. ‘‘बाबा, काडी पेटवा ना.’’

‘‘जिनात?’’

‘‘पेटवल्याबिगर दिसन कसं?’’

‘‘नाही दिसलं तं नाही दिसलं. जिनात काडी पेटवत नसतात.’’

‘‘हा गेम हाये बाबा! खरा कापूस थोडी हाये?’’

‘‘मंग खरा दिसावा म्हून त्या दिवशी उन्हात कायले आली माह्यासंगं?’’

सव्वा तास मी त्या जिनात चाचपडत फिरलो. भिंतीला हात लावत, पावलं मोजत. शेवटी सरकीच्या खड्ड्यात पडून मेलो. खिशात काड्या बाराच्या बारा. मला वाटतं, या खेळात असं आजवर कोणी केलं नसेल. दीपा आधी चिडली, मग डोकं धरून बसली. तिच्या वहीत : भीती, नाही.

मग हळूच विचारलं, ‘‘बाबा, काडी पेटवली तं काय होते?’’

सांगितलं. मी नोकरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका जिनात हमालानं बिडी पेटवली. रेचे चालू असले की रुईचे तंतू हवेत तरंगतात, उन्हाच्या तिरपीत दिसतात, एरवी दिसत नाहीत. आग जागेवर पेटत नाही, ती त्या तंतूंवरून पळते. या टोकाला काडी आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या टोकाची गंजी. आणि विझली असं वाटतं तेव्हा ती कापसाच्या दाबलेल्या गाठीच्या पोटात धुमसत असते, चौथ्या दिवशी वर येते. त्या दिवशी माणसं वाचली, पण मी धावत बाहेर आलो तेव्हा माझ्या चपला आत होत्या आणि मला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळलं नव्हतं.

एरवी ती सगळं लिहून घेते. आज तिनं काही लिहिलं नाही.

१८ डिसेंबर

तिसरा नमुना. पोरीनं माझंच मला वाढलं.

आता हवेत रुई उडते. काडी पेटवली नाही तर वाट दिसत नाही, खड्डा दिसत नाही. पेटवली आणि रुई दाट असली, तर आग पळते. म्हणजे थांबायचं, श्वास धरायचा, रुई खाली बसू द्यायची, पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उजेडाच्या रेषेत पाहायचं की हवा निवळली का, आणि मग काडी. पाच सेकंद दिसतं. तेवढ्यात पाठ करून घ्यायचं आणि अंधारात चालायचं. तुम्ही थांबलात की गंजीमागची पावलंही थांबतात.

भीती, नाही. दीपाला तसं सांगितलं.

या वहीत मात्र तपशील लिहायला हरकत नाही. चहाचा कप मी तासभर हातात धरला होता आणि त्यात चहा नव्हता. इंदूचं म्हणणं, मी घरात पायात चपला घालून खेळत होतो. असेन. फरशी गार असते. शेजारचा संघदीप वर्गणीचं विचारायला आला आणि त्यानं मागून खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी जे ओरडलो तो जयभीम होता. थोडा मोठ्यानं घातला गेला. संघदीप वर्गणी न घेताच गेला.

२१ डिसेंबर

दीपा नागपूरला मैत्रिणीच्या लग्नाला गेली आहे. खेळ नीट चालतो का हे तपासायला म्हणून तीन तास बसलो.

तिनं त्यात नेमसिंगची खोली केली आहे, फाटकाबाहेर. तिथे स्टो आहे, त्यावर चहा उकळतो. तिथे काडी पेटवायला बंदी नाही आणि पावलं तिथवर येत नाहीत. मी पाऊण तास त्या खोलीत बसून राहिलो. खेळातला उत्तम भाग हाच. मग कोणी काही म्हणत नसताना उठलो आणि परत जिनात गेलो. हे का केलं ते मला सांगता येत नाही. आत असताना कधी एकदा बाहेर पडतो असं होतं आणि बाहेर चहा उकळत असताना जीव आतच असतो. निवृत्त झाल्यापासून सकाळचे तीन तास इतके भरभर कधी गेले नव्हते.

आज अकरा काड्या उरल्या. म्हणजे एक पेटवली. मग अंगावर शाल ओढून घेतली, पण थंडी कडक आहे.

१३ जानेवारी २०१९

आज जे झालं ते नीट लिहितो.

नवा नमुना. दीपा सकाळीच सुरू करून देऊन संघदीपच्या बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, यात एक गोष्ट नवी आहे, सांगत नाही.

मी आत शिरलो. आता मला जिन पाठ आहे. दुसरा रेचा ओलांडला, मोठ्या गंजीशी आलो आणि आवाज आला. ‘‘बाबा, इकडं.’’

हरवलेली मुलगी. आवाज दीपाचा. तिनं स्वतःचाच आवाज भरला आहे. गंजीच्या आतून येतो, दबलेला, तोंडावर कापूस असल्यासारखा. ‘‘बाबा, इकडं. मी इथं हावो.’’

बटण दाबून धरलं की हात गंजीत जातो. हळू जातो, कोपरापर्यंत. मी एका जागी घातला, दुसऱ्या जागी घातला, काही लागेना. आवाज बारीक होत चालला. दिसल्याशिवाय नेमकी जागा कळणार नाही. आणि हवेत रुई इतकी दाट की उजेडाची रेषासुद्धा दिसत नव्हती. मी थांबलो. रुई बसेना. आवाज आणखी बारीक झाला. मी अर्धा तास हातात काडी धरून उभा होतो. एकतीस वर्षांत जिनात मी कधी काडी पेटवली नाही, कोणाला पेटवू दिली नाही. बिडी ओढणाऱ्याच्या मी एकदा थोबाडीत मारली होती.

‘‘बाबा.’’

मी पेटवली.

आग पळाली. गंजीकडेच पळाली.

पुढे लॅपटॉपवर पाणी सांडलं. तांब्याभर. तांब्या लवंडला.

दीपा आली, तिनं लॅपटॉप पालथा करून पुसला आणि तांदळाच्या कोठीत पुरला. काम सगळं पेन ड्राइव्हवर आहे म्हणाली, काळजी नाही. मग माझ्याकडे वळली. ‘‘बाबा, भेले का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तांब्या लवंडला.’’

‘‘बिलकुल नाही?’’

‘‘बिलकुल नाही.’’

इंदू दारातून म्हणाली, ‘‘तांब्या तं सैपाकघरात होता.’’ मी म्हणालो, मला तहान लागली होती. संध्याकाळच्या भाजीत मीठ फार होतं.

१५ जानेवारी

लॅपटॉप सुरू झाला. कळांच्या फटीतून तांदूळ निघतात. दीपा दोन दिवस माझ्याशी चांगलंच बोलते आहे, ते बरं नव्हे.

२८ जानेवारी

दीपानं क्लास लावला. आज पहिला दिवस.

मी म्हणालो, अजून तीन दिवस आहेत, नमुना पाठवून पाहा. ती म्हणाली, ‘‘पाठवू कायले बाबा? सौदा म्हणजे सौदा. अन् ज्या माणसाच्या डोक्यातून सारा गेम निघाला, त्यालेच भेव नाही वाटलं, तं हैदराबादवाल्यायले काय वाटन?’’

म्हणजे मी जिंकलो. इंदूला म्हणालो, पेढे आण. ती म्हणाली, ‘‘तुमीच आणा अन् तुमीच खा.’’

दुपारभर घर अगदी शांत होतं. पत्र्यांचा आवाज नाही, कबुतरं नाहीत.

३१ जानेवारी

दुपारी दीपा क्लासला गेली. मला काही काम नव्हतं. तिच्या टेबलावर तिची वही होती, खेळाची. मी वाचली. तिनं माझी वाचली असती तर मला राग आला असता, हे कबूल करतो.

प्रत्येक वेळची नोंद. बाबा कुठे मेले, किती काड्या उरल्या, कुठे थांबले, काय म्हणाले. आणि शेवटचा रकाना, भीती. नाही, नाही, नाही, नाही. माझ्याच रजिस्टरासारखं, सरळ ओळीत. तेरा जानेवारीच्या नोंदीखाली रेघ मारली होती आणि रेघेखाली लिहिलं होतं :

‘बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणजे गेम खोटा आहे.’

मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आजवर हजारो बंड्यांना ग्रेड दिला, त्यातले कित्येक जण शिव्या घालत गेले, पण या डोमाजी ग्रेडरचा ग्रेड खोटा असं एकही म्हणाला नाही. आणि ज्या एका मालाला मी खोटा ग्रेड दिला, तो माझ्या पोरीचा होता. मला स्वतःची फार लाज वाटली. इतकी की डोळ्यांना पाणी आलं, आणि आज थंडीही नव्हती.

घड्याळात चार वाजले होते. सहापर्यंत नमुना पोचायला हवा. दीपाचा फोन बंद, क्लासात बंद ठेवायला लावतात. ऑटो केला. क्लास दुसऱ्या माळ्यावर. चाळीस पोरं, फळ्यावर पंचायत राज. मी दारातूनच म्हणालो, ‘‘दीपा, ग्रेड चुकला.’’

सगळी पोरं वळली. दीपा उठून उभी राहिली. ‘‘कोनता, बाबा?’’

‘‘सारेच. अठरा डिसेंबरले भेलो. संघदीपले जयभीम नव्हता घातला. एकवीसले भेलो, तू घरी नव्हती तरी खेळलो अन् तरी भेलो. अन् तेरा जानेवारीले तांब्या लवंडला नाही. म्याच ओतला. आग इझवाले.’’

वर्ग हसला. पहिल्या बाकावरचा एक जण तारखा लिहून घेत होता, सवयीनं. सर म्हणाले, ‘‘काका, हे परीक्षेत नाही येत.’’

दीपा हसली नाही. ‘‘कायले भेले? भुताले?’’

‘‘भूत राहतच नाही.’’

‘‘मंग?’’

‘‘तुहा आवाज येऊन राह्यला होता गंजीतून,’’ मी म्हणालो, ‘‘अन् काडी माह्या हातात होती.’’

दीपानं वही पिशवीत टाकली, सरांना नमस्कार केला आणि माझ्या आधी जिना उतरली.

ऑटोत विचारलं तिनं, ‘‘खोटं काहून बोलले बाबा?’’

मी खरं ते सांगितलं. ‘‘तलाठ्याची बदली झाली तं लांबात लांब केळापूरले होते. हैदराबादले होत नाही.’’

बस स्टँडपाशी गर्दी होती, ऑटो थांबला होता. तिथे ती एवढंच म्हणाली, ‘‘तुमी तं धा फूट उडणारे माणूस आहा बाबा. सांगाचं ना.’’

पाच वाजून चाळीस मिनिटांनी नमुना गेला. तांदळाचा एक दाणा कळेखाली अडकला होता, त्यामुळे एक अक्षर दोनदा उमटत होतं, पण गेला. इंदूनं न सांगता पेढे आणले.

१७ मार्च

हैदराबादहून फोन. दीपाला घेतलं. त्यांनी विचारलं म्हणे, काडी पेटवायची भीती ही कल्पना कुठून सुचली? म्हणाले, आम्हीही अर्धा अर्धा तास काडी हातात धरून बसलो. दीपा म्हणाली, घरून.

नेमसिंगला सांगायला गेलो. त्यानं स्टोवर चहा ठेवला. म्हणाला, ‘‘साहेब, गेमात माही खोली हाये तं मले भाडं पायजे.’’ चहा पिऊन जिनाच्या फाटकाकडे पाहत बसलो. आत जावंसं वाटलं नाही.

दीपा एक एप्रिलला जाणार.

२ एप्रिल

काल स्टँडवर सोडलं. नागपूरहून पुढे रेल्वे. जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली, तिला कंपनीचा मिळणार. पोचल्याचा फोन आला. विशेष काही नाही.

२६ मे

उन्हाळा फार आहे. पाणी चार दिवसांआड येतं. कापूस लावणाऱ्यांना कोणतं बियाणं घ्यावं कळत नाही आणि माझ्याकडे विचारायला येतात. मी सांगतो, मी ग्रेडर आहे, ज्योतिषी नाही.

दीपानं नवा नमुना पाठवला. कंपनीत आता सहा जण त्या खेळावर काम करतात. जिन फार मोठं झालं आहे, रुई खरी वाटते, कापूस तर उत्तम, पहिल्या प्रतीचा. हरवलेल्या मुलीला आवाज आता तिथल्या एका शिकलेल्या नटीनं दिला आहे. ‘‘बाबा, मी इथे आहे,’’ असं ती अगदी स्वच्छ म्हणते.

सकाळी नऊ ते साडेअकरा खेळलो. पायात चपला नव्हत्या. चहा वेळेवर प्यालो. मुलगी सापडली, चार काड्या उरल्या. दीपाला फोन करून सांगितलं, माल चांगला आहे, पण भीती, नाही.

‘‘खरं सांगता ना बाबा?’’

‘‘खरं.’’

‘‘काहून पण? सारं तं चांगलं केलं.’’

मी म्हणालो, पाहून सांगतो.

फोन ठेवला आणि जुना नमुना काढला, जानेवारीचा. दुसरा रेचा ओलांडून मोठ्या गंजीशी आलो. ‘‘बाबा, इकडं.’’ हवेत रुई होती, मग हळूहळू बसली, उजेडाची रेषा अगदी निवळली. काडी पेटवायला काही हरकत नव्हती. पण पेटवली की मुलगी सापडते, आणि सापडली की आवाज थांबतो. मी काडी हातात धरून बसून राहिलो. आवाज पार बारीक झाला की बाहेर पडायचो आणि पहिल्यापासून शिरायचो. आज हेडफोन लावायचा राहून गेला होता.

बारा वाजून गेले असतील. सैपाकघरातून इंदू ओरडली, ‘‘अवो, पोट्टी केव्हाची हाका मारून राह्यली. ओ द्या ना तिले!’’